सात दिवसांचा कोड

गुरुवार, १२ जानेवारी

पहिलवानांचे आभार मानले पाहिजेत! नाताळानंतर आज पहिल्यांदा माझं दार वाजलं, ते त्यांच्यामुळे.

झालं असं — रविवारी जेराल्डीन टीव्हीवर मास, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, पाहत होती. फादर प्रसादाची भाकर उंचावताहेत, ही मान खाली घालून बसलेली. मान वर करते तो पडद्यावर दोन उघडेबंब दांडगे, एक दुसऱ्याच्या छाताडावर बसलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या एफीचा नातू आला होता. त्यानं फोनवरची कुस्ती आजीच्या टीव्हीवर पाठवली आणि ती पोचली जेराल्डीनकडे. पोचणारच! एकेचाळीस घरं, सगळी एकाच वायफायवर, सगळ्यांचे टीव्ही सगळ्यांच्या यादीत. ज्या गाढवानं हे लावलं तो त्याच दिवशी पसार झाला, त्याला सहा वर्षं झाली.

जेराल्डीन कमिटीची अध्यक्षा. दारातूनच म्हणाली, "लोरेटा, तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतीस ना? मग कर काहीतरी. ते उघडे पुरुष मला परत दिसता कामा नयेत."

"या वयात तेवढंच दिसतं. दिसू दे की," मी म्हटलं.

हसली नाही. चहाला थांब म्हटलं. थांबली नाही.

शनिवार, १४ जानेवारी

सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात तो डबा, म्हणजे स्विच, जुन्या चॅपेलच्या मेणबत्त्यांच्या कपाटात आहे. अजून मेणाचा वास येतो. ही इमारत कॉन्व्हेंट शाळा होती तेव्हा त्या कपाटाची किल्ली सिस्टर अलोयशिअसच्या कमरेला असायची. आता माझ्याकडे आहे. सत्तर वर्षांच्या आयुष्यात एवढी तरी बढती मिळाली!

सातवीचा वर्ग म्हणजे माझं आताचं घर. मला ज्या कोपऱ्यात उभं करायच्या तिथं फ्रीज आहे.

भिंतींच्या गिलाव्यात लोखंडी जाळी आहे. लहरी त्यातून जातच नाहीत. म्हणून कॉरिडॉरच्या छताला नऊ पांढऱ्या थाळ्या लावल्यात, त्यातून वायफाय पसरतं. आता मला भिंती बांधायच्या आहेत, पण विटांशिवाय. तीच तार, त्याच थाळ्या, पण आत वेगवेगळी नेटवर्कं — दिसायला नाहीत, असायला आहेत. प्रत्येक निरोपावर क्रमांक चिकटवायचा. दहावाल्यानं दहाच्या वाटेनं जायचं, वीसवाल्यानं विसाच्या. एकमेकांची तोंडं बघायची नाहीत.

यात नवं ते काय? आमच्या गावाहून जवळच्या सिडनी शहराला जाणाऱ्या एका केबलमधून शेकडो संभाषणं जायची. कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. मी सोडून.

सोमवार, १६ जानेवारी

झालं! क्रमांक दहा रहिवाशांचं. प्रत्येक घराला वेगळा पासवर्ड, एकाचा टीव्ही दुसऱ्याला दिसणार नाही. एक फॉर्म भरायचा, सही करायची, की जन्माचं काम झालं. क्रमांक वीस इमारतीचं — दाराचं कुलूप, कॅमेरे, बॉयलर. क्रमांक तीस पाहुण्यांचं.

पाहुण्यांना कोड लागेल. दहा आकडे, माझ्याकडून चिठ्ठीवर. मुदत किती, ते यंत्र विचारतं — आठ तास, एक दिवस, सात दिवस, तीस दिवस, कायम. मी सात निवडले. सुरक्षेसाठी. यात विचारण्यासारखं काही नाही.

गुरुवार, १९ जानेवारी

साडेदहाला १०४ मधला मॅलाकी आला. यादीत 'मॅलाकी रॉरी डॅन' असं बाप-आज्यासकट लिहिलं. नुसतं मॅलाकी मॅकनील लिहिलं तर इमारतीत दोन आहेत आणि तिसरा बॉयलर बघतो. यानं चाळीस वर्षं खाणीत सुरुंग लावले. कान अर्धे गेलेत, त्यामुळे बोलतो ते ओरडून.

"कोड दे!"

"तू काय पाहुणा आहेस? पाच वर्षं राहतोयस इथं. फॉर्म भर, सही कर, कायमचा पासवर्ड घे."

"सही? खाण कंपनीच्या कागदावर एकदा केली होती. पुरे झालं. मला आठवड्याचाच दे."

"मग दर गुरुवारी दोन मजले चढावे लागतील."

"पाय आहेत मला. लिफ्टचे पिंजरे खाणीत खूप झाले."

चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन आकडे मोठ्यानं वाचले. सगळ्या मजल्यानं ऐकले असतील — गेली सुरक्षा!

"हा सात आहे की एक?"

"माझ्या अक्षराला सिस्टर अलोयशिअसनं पदक दिलं होतं."

"ती आंधळी होती."

होती. एका डोळ्यानं. पण तोंडावर बोलायचं असतं का?

गुरुवार, २६ जानेवारी

या आठवड्यात माझं दार नऊ वेळा वाजलं. एफी तिच्या नातवासाठी दोनदा, कारण त्यानं पहिली चिठ्ठी कपड्यांबरोबर धुतली. दुसऱ्या खेपेला ती पोर्क पाय घेऊन आली — नावालाच पोर्क, खजुराच्या गोड वाट्या त्या — आणि अर्धा तास बसली. सुनेबद्दल बोलत होती. मी मध्ये बोलले नाही. मला सवय आहे.

साडेदहाला मॅलाकी. "आज बर्फ किनाऱ्याला लागलंय," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, दिसतंय. तो म्हणाला, तुझ्या खिडकीतून दिसतं, माझ्या खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात. खिडकीशी उभा राहून बघून गेला.

बुधवार, १ फेब्रुवारी

कुणी नाही. रहिवाशांचं नेटवर्क उत्तम चाललंय. उत्तम चालणाऱ्या गोष्टीकडे कोण फिरकतं? एक्स्चेंजमध्ये अडतीस वर्षं हेच. फोन लागला की माणसं पलीकडच्याशी बोलतात, मधल्या बाईशी नाही.

सोमवार, ६ फेब्रुवारी

जेराल्डीननं कपडे धुण्याच्या खोलीत गाठलं. तिथं चार बायका होत्या, म्हणूनच गाठलं.

"लोरेटा, सातच दिवस का गं? एफीचा नातू पंधरा दिवस राहतो. माझ्या बहिणीच्या इमारतीत महिनाभर चालतो कोड."

मी सुरक्षेवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. वापरून झालेले कोड कसे हातोहात फिरतात, कुणाचा कुणाला पत्ता राहत नाही, वगैरे. चौघी आपापल्या घड्या घालायला लागल्या. मोठा विजय!

वर येऊन चहा केला आणि तो तसाच गार झाला. तीस दिवस ठेवले असते तरी काहीही बिघडलं नसतं. मला माहीत आहे. सोमवारी, १६ तारखेलाच माहीत होतं. सुरक्षेसाठी म्हणे! चांगलं कोपऱ्यात उभं करायला हवं मला, पण तिथं फ्रीज आहे.

सात बदलून तीस करायला एक बटण पुरे. केलं नाही.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

अडतीस वर्षं! अडतीस वर्षं तारांमध्ये काढली आणि ज्या फांदीवर बसले तीच तोडली.

कुणी सांगितलं नव्हतं. सगळं सुरळीत होतं, मलाच चैन पडेना. म्हटलं, थाळ्यांना आणि स्विचला हुकूम देण्याची वाट वेगळी ठेवू, क्रमांक नव्व्याण्णव. म्हणजे एफीच्या नातवासारखा कुणी उपटसुंभ आत शिरायला नको. थाळ्यांना सांगितलं — आजपासून नव्व्याण्णववरून येईल तेच ऐकायचं. स्विचलाही तेच सांगितलं. दोघांनी इमानदारीत ऐकलं.

आणि मी बसलेली दहावर! माझ्या घरातून नव्व्याण्णववर जायला वाट ठेवायचीच विसरले. त्या क्षणापासून माझी सगळी यंत्रं माझ्यासाठी बहिरी. एका ओळीचा हुकूम परत घ्यायचा होता, पण तो ऐकायला पलीकडे कुणी नाही. मी आपली बटणं दाबतेय, पडद्यावर एकच — उत्तर नाही, उत्तर नाही.

तरीही लोकांचं चालू होतं. तेव्हा गप्प बसायचं! पण नाही. रागानं कपाटातला प्लग उपटून परत लावला. थाळ्या उठल्या, मालक सापडेना, आणि त्यांनी काम करायचंच नाकारलं. एकेचाळीस घरांचं वायफाय दुपारी दोनला बंद.

दोन ते पाच — एकवीस वेळा दार. आज मला एकही नको होतं.

बुधवार, १५ फेब्रुवारी

सकाळी स्विचच्या भोकात टाचणी खुपसून त्याला कोरं केलं. सगळ्या जोडण्या वहीत लिहिलेल्या होत्या — एक्स्चेंजची सवय, देवानं राखली. दुपारपर्यंत सात थाळ्या परत आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन हटून बसल्या. त्यांनाही टाचणी लागणार, आणि त्या छताला.

शिडी ओढत होते तेव्हा मॅलाकी जिन्यावर भेटला. काही न विचारता शिडीचं दुसरं टोक उचललं. मी वर, तो खाली शिडी धरून.

"काय केलंस एवढं?"

सांगितलं. त्याला कितपत समजेल वाटलं, पण तो लगेच म्हणाला, "म्हणजे सुरुंग पेटवलास आणि मग परतीची वाट शोधलीस. पोरी, हा पहिल्या दिवसाचा धडा. आधी पळायची वाट, मग काडी."

"मला पोरी म्हणू नकोस."

"शिडी माझ्या हातात आहे. काय म्हणायचं ते मी ठरवणार."

हसू आलं. वर छताला टाचणी खुपसताना! आणि तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं, आत जेराल्डीन.

"देवा! लोरेटा! उतर खाली! सत्तर वर्षांची बाई शिडीवर — आणि धरलीय कुणी तर ऐंशीच्या माणसानं!"

"एकोणऐंशी," मॅलाकी म्हणाला.

चार वाजता सगळं सुरू झालं. कुणीही सांगायला आलं नाही.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

साडेदहा. मॅलाकी. कोड दिला. जाताना म्हणाला, "सरळ सांग कमिटीला. वादळात वीज गेली म्हणालीस तरी खपेल, पण तुला ते जमायचं नाही."

मंगळवार, २१ फेब्रुवारी

उद्यापासून उपासाचा काळ. म्हणून आज खाली हॉलमध्ये पॅनकेकचं जेवण आणि त्यातच कमिटीची सभा. पॅनकेकमध्ये दरवर्षीप्रमाणे वस्तू दडवलेल्या — अंगठी, नाणं, बटण. बटण मिळालं की ती बाई बिनलग्नाची राहणार. मला मिळालं. टेबलावर टाळ्या!

"उशिरा आलं," मी म्हटलं. "निकाल पन्नास वर्षांपूर्वीच लागलाय."

मग सभा. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वीज गेली नव्हती, चूक माझी होती, अशी आणि अशी. वाटलं, आता बोलतील चुकीबद्दल, भांडायची तयारी करून गेले होते. वहीसुद्धा नेली होती! पण चुकीचं कुणाला पडलंच नव्हतं. त्यांना काळजी शिडीची. विमा कंपनी काय म्हणेल, पडली असती तर, कंबर मोडली असती तर. 'लोरेटानं किती केलं आपल्यासाठी' असं जेराल्डीन तीनदा म्हणाली. माणूस मेल्यावर म्हणतात त्या आवाजात.

ठराव — काम हॅलिफॅक्सच्या एका कंपनीला द्यायचं. पाहुण्यांना कोड नको, नुसतं 'मान्य आहे' वर बोट ठेवलं की चालू. हात वर झाले. एफीचाही झाला. अर्धा, कोपरातून, पण झाला.

मॅलाकीचा नाही. त्याला प्रश्न ऐकूच आला नसावा.

मी पॅनकेक पूर्ण खाल्ला. टाकून उठले असते तर दिसलं असतं.

बुधवार, २२ फेब्रुवारी

उपासाचा पहिला दिवस, चर्चमध्ये कपाळावर राख. शोभली.

शनिवार, ४ मार्च

कंपनी दहा तारखेला येणार असा कागद लिफ्टमध्ये लागला. तो लागल्यापासून कोडला कुणी येत नाही. आठवडाभर कळ काढतील पण वर चढणार नाहीत. मॅलाकी मात्र परवा आला.

रेडिओ दिवसभर चालू ठेवते. मध्येच लक्षात येतं की मी त्याला उत्तरं देतेय. तीही वाकडी.

गुरुवार, ९ मार्च

"हा शेवटचा," मी त्याला चिठ्ठी देताना सांगितलं.

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या कंपनीचा माणूस येतोय. मग कोड नाही, फॉर्म नाही, सही नाही. नुसतं बोट ठेवायचं. तुझ्या मनासारखं झालं."

तो चिठ्ठी हातात धरून उभा राहिला. आज आकडे वाचले नाहीत.

"पायऱ्या वाचतील," शेवटी म्हणाला.

"वाचतील. गुडघ्यांना बरं."

"हो. गुडघ्यांना बरं."

आणि गेला. मी दार लावून घेतलं तरी पावलं दोन मजले ऐकू आली. एका पायरीवर बराच वेळ थांबला होता. दम लागला असेल.

शुक्रवार, १० मार्च

कंपनीचा माणूस डेल. पन्नाशीचा, गुडघे माझ्याहून वाईट, आणि — लिहिताना जिवावर येतंय — कामाला चोख. माझी वही उघडून दहा मिनिटं उभ्यानं वाचली.

"बाई, हे कुणी लावलं?"

"मी."

"आमच्या ऑफिसातल्या पोरांना दाखवायला हवं. तुमच्या भिंती मी हलवत नाही. फक्त कोड काढतो."

त्याला एवढंच म्हणायचं होतं. मी कपाटाच्या दाराला धरून उभी राहिले. मेणाचा वास फार होता.

मग त्यानं कोडची यादी छापली, जुने पुसण्याआधी. कुणाला, कधी दिला, किती वापरला. एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथं मात्र बिघाड आहे. १०४. आठ कोड दिलेत, एकही वापरलेला नाही. आकडे चुकीचे गेले असतील."

"माझ्याकडून आकडे चुकत नाहीत!" मी असं ओरडले की तो दचकला. सात आणि एक — मनात आलं खरं. पण आठही?

"मग त्यांचं यंत्र बघून येतो," म्हणाला आणि खाली गेला. पाच मिनिटांत परत.

"बाई, बघायला काही नाहीच तिथं. टॅब्लेट नाही, संगणक नाही. एक रेडिओ आणि भिंतीवरचा जुना फोन. म्हाताऱ्यानं मला विचारलं, वायफाय म्हणजे नक्की काय करतात त्याचं."

यादी माझ्या हातात देऊन तो थाळ्या बघायला गेला. मी वाचली. १९ जानेवारी, शून्य. २६ जानेवारी, शून्य. २ फेब्रुवारी. ९. १६. २३. २ मार्च. काल. समोर सगळीकडे शून्य.

आधी राग आला. मला फसवलं! आठ आठवडे वर आला, सहीवरून भांडला, आकडे वाचून दाखवले, अक्षराला नावं ठेवली! एवढा वेळ माझा —

मग राग कुठं ठेवावा कळेना.

रविवार, १२ मार्च

मासला मॅलाकी दोन बाक पुढं. मान वळवली नाही. मीही खाकरले नाही.

मंगळवार, १४ मार्च

सगळं सुरळीत. कुणी नाही.

गुरुवार, १६ मार्च

साडेदहा झाले. पावणेअकरा. दार वाजलं नाही. चिठ्ठीवर मनाला येतील ते दहा आकडे लिहिले आणि दोन मजले उतरून १०४ चं दार वाजवलं. मॅलाकीनं उघडलं. स्वच्छ शर्ट, केस ओले करून विंचरलेले. चिठ्ठी घेतली, न वाचता खिशात ठेवली.

"पंधरा मिनिटं उशीर," तो ओरडला आणि दारातून बाजूला सरला.